चौथं कापड

१

रविवारी बाबांनी मला चित्रासमोर उभं केलं, तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मी राहते त्या क्राकूव शहराची बस चारची. ती चुकली की पुढची थेट सोमवारी सकाळी.

"नीट बघ, उला," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

चित्र आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं. ते आमचं नव्हतं, झाग्रोदी गावाचं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी बीट काढणीच्या दिवसांत कुणी चित्रकार इथे येऊन राहिला आणि जाताना ते गावाला देऊन गेला. तेव्हापासून ते आगीच्या बंबखान्याच्या सभागृहात, लग्नांच्या आणि सभांच्या धुरात टांगलेलं. रंगीत खडूंनी काढलेलं, म्हणून वर काच. बीट उपटता उपटता थांबलेली एक मुलगी. डोक्याला रुमाल, दोन्ही हात मातीने माखलेले, मान वर करून सरळ आपल्याकडे बघणारी. जिल्ह्याच्या म्युझियमला ते प्रदर्शनासाठी हवं होतं, आणि नवी चौकट बसवायला सरपंचबाईंनी ते बाबांकडे दिलं होतं. बाबा आयुष्यभर चौकटीच करत आले.

"म्युझियमच्या डॉक्टर रिम्शांनी नव्या पुस्तकात लिहिलंय, ही म्हणे क्राकूवची नटी. शेतकरणीचे कपडे घालून बसलेली," बाबा म्हणाले. "ही नखं बघ. नटीची असतात अशी?"

"तेव्हा पद्धतच होती, बाबा. शहरातली माणसं हौसेने असले कपडे घालायची."

"कपडे घालायची. नखात मातीही घालायची का हौसेने?" ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलंय मला. काल रिम्शांना फोन करून सांगितलं. गप्पच झाले. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सगळ्या गावाला दाखवणार आहे. तोवर कुणालाच नाही, तुलाही नाही. पण एक सांग. ही कुणासारखी दिसते?"

मला दिसलं होतं. दारातून आत पाऊल टाकतानाच दिसलं होतं, आणि तेव्हापासून मी त्या भिंतीकडे बघायचं टाळत होते.

"कुणासारखीच नाही," मी म्हटलं. "शेतातल्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आत जाऊन काकडीच्या लोणच्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि माझ्या पिशवीत उभी ठेवली.

"आडवी करू नकोस, सांडेल. पोचलीस की फोन कर."

मी फोन केला नाही. सोमवारी करू, असं म्हटलं. सोमवारी मी काम करते त्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी होती.

२

मंगळवारी सकाळी शेजारच्या गेनोवेफाकाकूंचा फोन आला. बाबा कामाच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. हातात खिळे तसेच होते.

मी पोचले तोवर दुपार झाली होती. काकूंनी बाबांना आंघोळ घालून काळा कोट चढवला होता. घड्याळ थांबवलेलं होतं. घरातले आरसे पांढऱ्या कापडांनी झाकले होते: दाराजवळचा, कपाटावरचा. टीव्हीवरही कापड होतं. आणि चित्राच्या जागी, भिंतीवर, चौथं. अंगावर माती पडेपर्यंत मेलेल्या माणसाचं प्रतिबिंब कशातच पडता कामा नये, हे मला आठवत होतं. अठरा वर्षं शहरात काढली की एवढंच आठवतं, अर्धं.

दोन दिवस लोक येत-जात राहिले. बायका मेणबत्ती लावून गुडघे टेकायच्या, प्रार्थना म्हणायच्या, गायच्या. रिम्शाही पहिल्या संध्याकाळी पांढरी शेवंती घेऊन आले होते. मी कुणाशीच धड बोलले नाही.

गुरुवारी शवपेटी उचलली. पुढच्या खोलीत, स्वयंपाकघरातून आणलेल्या चार स्टुलांवर ती ठेवली होती. माझा चुलत भाऊ काझिक पुढच्या बाजूला होता. उंबऱ्यावर पेटी तीनदा टेकवली, घराचा निरोप घ्यायला. लाकडावर लाकूड आपटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सगळे बाहेर पडले. दफनभूमीत रिम्शा उशिरा पोचले, रस्ता चुकलो म्हणाले.

दफनानंतर बंबखान्यात जेवण होतं, तिथून मी एकटीच घरी परतले. काकू कंबर धरून आपल्या घरी गेल्या होत्या. आमच्या पुढच्या खोलीत तीन स्टुलं पालथी पडलेली होती. चौथं भिंतीलगत सरळ उभं होतं. मी त्यावर बसले. किती वेळ, माहीत नाही.

मग उठून एकेक कापड काढलं. आरसा. आरसा. टीव्ही.

चौथ्या कापडाखाली चित्र नव्हतं, येशूच्या आईची तसबीर होती: चेन्स्तोहोवाची काळी मारिया.

३

मला वाटलं, बाबांनी चित्र कामाच्या खोलीत नेऊन ठेवलं असेल. ही मारियाची तसबीर त्या खोलीतलीच, चौकट दुरुस्तीला आलेली. अदलाबदल केली असेल. शुक्रवारी सकाळी सरपंचबाई हालिना पिरेक दारात उभ्या राहिल्या, तोवर मी कामाची खोली, माळा, पलंगाखालचं, सगळं उलथंपालथं केलं होतं.

"उर्शुला, दुःखाच्या घरी घाई करू नये, कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण चित्र गावाचं आहे."

"ते सापडत नाहीये, हालिनाबाई."

त्यांनी आत येऊन भिंतीवरची मारिया बघितली, छातीवर क्रूस केला आणि खाली बसल्या.

"मी म्हणत होते, ते गावाबाहेर जाता कामा नये. म्युझियमला कशाला पाहिजे आमची पोरगी? सगळे हसले मला."

"तुम्हीच नाही ना नेलंत मग?" मागून काझिकचा आवाज आला. तो उरलेली भांडी परत द्यायला आला होता. "गाव सोडू नये म्हणून गावातच लपवलं असेल."

"तू गप रे! पेटी खाली ठेवल्या ठेवल्या गाडी घेऊन कुठे गेला होतास? अर्धी दफनभूमी विचारत होती."

"व्होडका आणायला! तुम्हीच पाठवलंत, आणि आता तुम्हीच विचारताय!"

"आणि तू तुझ्या काकांना, लुद्विकला, त्या व्हिएन्नाच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगत नव्हतास? चित्र बघायचंय म्हणून?"

काझिक लाल झाला. "सांगत होतो. काकांनी हातोडी दाखवली, मी पळालो. बस?" मग माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "उला, गावात काय बोलतायत ते तुला कळायला हवं. म्हणतायत, कापडाखाली चित्र होतं हे कुणी बघितलंय? म्हाताऱ्यानेच आधी विकलं."

हालिनाबाई उठल्या. "रविवारी मिस्सेनंतर लुद्विक सगळ्यांना काहीतरी दाखवणार होता. लोक जमणारच. तोवर सापडलं तर देवच पावला. नाहीतर मला उभं राहून सांगावं लागेल, चित्र शेवटी कुणाच्या घरात होतं ते."

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं. जे मी त्यांना सांगितलं नव्हतं ते मला एकटीला माहीत होतं. मारिया नुसती भिंतीवर नव्हती, कापडाखाली होती. कापडं घातली मंगळवारी सकाळी, बाबा गेले त्याच तासात, आणि दफनापर्यंत इथे ती कुणी उचलत नाही. म्हणजे अदलाबदल त्याआधीच झाली होती. म्हणजे ती बाबांनीच केली.

मी हे पुन्हापुन्हा मांडून बघितलं. दरवेळी उत्तर तेच आलं.

४

दुपारी मी रिम्शांना फोन केला.

"अरेरे," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "हे बघा, उर्शुलाबाई, पोलिसांत वगैरे जाऊ नका. म्हातारपणी माणूस काय करेल सांगता येत नाही. आम्ही चित्र यादीतून काढून टाकू. त्यांच्या नावाला बट्टा लागलेला मलाही नको."

"त्यांनी तुम्हाला फोन केला होता ना? शनिवारी? मागच्या लिखाणाबद्दल?"



"फोन? नाही हो. लिखाण कसलं?"

मी फोन ठेवला. बाबा फोनबद्दलही खोटं बोलले होते तर. लिखाण नव्हतंच. रविवारी गावाला दाखवायलाही काही नव्हतं. असलंच तर ते निघून गेलेलं चित्र झाकण्यासाठी रचलेलं काहीतरी होतं. माझ्या डोक्यात सगळं एकात एक बसत गेलं, आणि ते बसतंय याचीच मला भीती वाटत होती. चौकटी करून आयुष्य काढलेला माणूस. एकदा तरी कुणी त्याला मोठी किंमत देऊ केली असेल. आणि मुलगी महिन्यातून एकदा येते, घड्याळ बघते, जाते.

त्या दिवशी मी बाबांच्या खुर्चीकडे पाठ करून जेवले. हेही लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते.

५

शनिवारी सकाळी मी चारही कापडं धुऊन, इस्त्री करून गेनोवेफाकाकूंकडे घेऊन गेले. त्या चुलीजवळ पाठीला गरम वीट लावून बसल्या होत्या.

"ये बाई. चहा घे. मला उठवू नकोस, उठले तर चालत्या गाडीसारखी थांबणार नाही आणि बसले तर मेल्या गाढवासारखी उठणार नाही."

मी हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"तुमची कापडं, काकू. दोन आरशांची, एक टीव्हीचं, एक मारियाच्या तसबिरीचं."

त्यांनी पेला बशीत ठेवला.

"कसलं?"

"मारियाच्या. भिंतीवरची."

"उला," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी मारियावर कापड टाकेन? अगं, ती तर बघायलाच असते! मेलेल्याकडे तिने नाही बघायचं तर कुणी? आरसा झाकतात, घड्याळ थांबवतात, देवाच्या तसबिरी उघड्या ठेवतात. तुझी आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. बघितलं नव्हतंस?"

बघितलं होतं. आईच्या उशाशी मारिया उघडी होती, तिच्या काचेत मेणबत्ती हलत होती. मला ते आता आठवलं.

"मग तुम्ही भिंतीवर काय झाकलंत?" मी विचारलं.

"काय म्हणजे? ती बिटवाली पोरगी. केवढी काच होती तिच्यावर! लुद्विक त्यात अख्खा दिसत होता, म्हणून झाकली."

"म्हणजे मंगळवारी ती तिथे होती. बाबा गेल्यावरसुद्धा."

"गुरुवारपर्यंत होती. रोज येताजाता विचारायचे ना लोक, चित्र कुठे म्हणून. हालिनाने विचारलं, काझिकने विचारलं, म्युझियमच्या डॉक्टरनेही. मी सगळ्यांना दाखवलं, ते काय कापडाखाली. म्हटलं, माती पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

आणि कुणी लावला नसता. घरात मेलेलं माणूस असताना झाकलेली वस्तू उघडायची हिंमत झाग्रोदीत कुणाची नाही. त्या कापडाइतकं भक्कम कुलूप गावात दुसरं नव्हतं. म्हणूनच आत काय बदललं ते कुणालाच कळलं नाही.

"काकू, पेटी निघाली तेव्हा शेवटी कोण होतं आत?"

"मी. पेटी उंबऱ्यावर टेकली तशी मागे फिरून चारही स्टुलं पालथी घातली. नाहीतर जाणारा परत येऊन बसतो."

"चारही?"

"मोजता येतं मला!"

"मी परत आले तेव्हा एक सरळ उभं होतं. भिंतीलगत."

काकूंनी छातीवर क्रूस केला. स्टूल आपोआप उभं राहत नाही. त्यावर कुणीतरी चढलं होतं, चित्रापर्यंत हात पोचवायला. आणि उतरल्यावर ते पालथं घालायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"हालिनाबाई घालतील मारियावर कापड?"

"ती? तिच्या गाडीच्या आरशालासुद्धा मारिया टांगलेली असते."

"काझिक?"

"काझिक चोर असेल, पण मारियाला घाबरणारा चोर आहे. लहानपणी सफरचंदं चोरायचा तेव्हा रस्त्यावरच्या तिच्या मूर्तीच्या खांबापाशी एक ठेवून जायचा."

म्हणजे तो माणूस आमच्यातला नव्हता. घरात कापडं आहेत, स्टुलं आहेत, हे त्याने बघितलं होतं. ती तशी का आहेत ते त्याला माहीत नव्हतं. आणि दफनभूमीत माती पडायला लागल्यावर धापा टाकत आलेला, रस्ता चुकलो म्हणणारा एकच माणूस मला आठवत होता: रिम्शा. दहा वर्षं या गावाच्या शेतांमधून वही घेऊन फिरलेला माणूस दफनभूमीचा रस्ता चुकला होता.

बाबा खोटं बोलले नव्हते. फोन झाला होता.

मी उठले. चहा तसाच राहिला. भीती आता वेगळीच होती. पेन्सिलीचं लिखाण पुसायला किती वेळ लागतो?

६

म्युझियम शनिवारी दोनला बंद होतं. मी पोचले तेव्हा रिम्शा ऑफिसात एकटेच होते. टेबलावर त्यांच्या पुस्तकाचे छापून आलेले गठ्ठे होते. मुखपृष्ठावर तीच मुलगी, खाली नटीचं नाव.

"बसा ना," ते म्हणाले. "काही कळलं का?"

"तुम्ही आमच्यावर तीनशे पानं लिहिलीत, डॉक्टरसाहेब. आमची कापणी, आमची लग्नं, आमची मरणं. मेलेल्याच्या घरात मारियाची तसबीर झाकतात का हो?"

ते हसायला गेले. हसू अर्ध्यात थांबलं. माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता त्यांची नजर एकदा, क्षणभरच, खिडकीजवळच्या उंच कपाटाकडे गेली.

"आणि पेटी निघाल्यावर स्टुलांचं काय करतात? तेही लिहायचं राहिलं वाटतं."

बाहेर कुणीतरी फाटक ओढलं, तेव्हा ते दचकले.

"मी ते परत देणार होतो," शेवटी ते म्हणाले. "नष्ट नव्हतो करणार. एवढं तरी खरं माना."

"पुसून परत देणार होतात."

"अकरा वर्षं, उर्शुलाबाई. अकरा वर्षं मी त्या नटीची पत्रं वाचली. पुस्तक छापून झालंय. आणि तुमच्या वडिलांचा फोन येतो, मागे नाव लिहिलंय म्हणून. त्यांचा आवाज किती आनंदात होता! त्यांना वाटलं, मलाही आनंद होईल." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ते गेल्याचं कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मग माझीच मला किळस आली. पण रविवारी गावातलं कुणीतरी फळी उलटून बघणारच होतं."

ते उठले. कपाटामागून ब्लँकेटात गुंडाळलेलं चित्र काढून त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं.

मागची फळी शंभर वर्षांच्या धुराने तपकिरी झाली होती. तिच्या मधोमध एक पांढुरका, खरवडलेला डाग. डागाच्या डावीकडे, फिक्या पेन्सिलीने, एकच शब्द शिल्लक होता.

विक्तोरिया.

"आडनाव आणि गाव पुसलं," ते म्हणाले. "मग पुढे हात चालेना."

"काय होतं आडनाव?"

"द्रोंग. झाग्रोदीची विक्तोरिया द्रोंग. पण आता ते माझ्या शब्दावर आहे. माझ्या शब्दावर तुमच्या गावात कोण विश्वास ठेवणार?"

मी चित्र ब्लँकेटात परत गुंडाळलं. आडवं न करता, उभं धरून बसपर्यंत नेलं.

७

रविवारी बंबखाना भरला होता. चित्र जुन्या खिळ्यावर, बाबांनी केलेल्या नव्या चौकटीत. रिम्शा आले होते, दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. मी बोलावलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. जे झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं, थोडक्यात. कुणी ओरडलं नाही. काझिक एवढंच म्हणाला, "आणि आम्ही म्हाताऱ्याला चोर म्हणत होतो," आणि खाली बघत राहिला.

"लुद्विकचं नाव धुतलं गेलं," हालिनाबाई म्हणाल्या. "त्याची माफी आपण सगळ्यांनीच मागायला हवी. पण ही पोरगी कोण, ते राहिलंच की. आडनाव तर पुसलं. डॉक्टर द्रोंग म्हणतायत. उद्या आणखी काही म्हणतील."

"लुद्विकची आजी द्रोंगांच्या घरातली," गेनोवेफाकाकू बाकावरूनच म्हणाल्या. "सोबोनांकडे, याच लुद्विकच्या घराण्यात, दिली होती. नाव विक्तोरियाच."

"विक्तोरिया काय, तेव्हा दर दोन घरांत एक असायची! पुरावा काय?"

पुरावा मागच्या फळीवर राहिला नव्हता. पुढच्या बाजूला होता. मी ते पहिल्याच दिवशी बघितलं होतं, दारातून आत येताना. कपाळाची रुंदी. एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर. हसावं की नाही न ठरवलेलं तोंड. क्राकूवच्या खोलीत मी रोज सकाळी जे तोंड धुते, ज्यावर पावडर लावते, ज्याने लोकांना सांगते की माझे वडील कला क्षेत्रात होते. शेतात, नखात माती घालून, ते माझ्याकडेच बघत होतं. आणि ज्याने ते शोधून काढलं, आनंदाने मला विचारलं, त्याला मी चारच्या बससाठी खोटं सांगितलं. मग एक अख्खा दिवस त्याला चोरही ठरवलं.

मी पुढे गेले. डोक्यावरची टोपी काढली आणि चित्राशेजारी, भिंतीला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून उभी राहिले.

बाकं करकरायची थांबली. हालिनाबाईंची नजर चित्रावरून माझ्याकडे आली, परत चित्राकडे गेली. मागे कुणीतरी "येशू मारिया" म्हणालं.

त्यांना पटलं होतं. मी काही बोलायची गरजही नव्हती. पण प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता.

"माझ्यासारखी," मी म्हटलं. ते पुढच्या बाकापर्यंतच पोचलं, म्हणून पुन्हा म्हटलं, आतल्या खोलीत ठोकाठोक करत बसलेल्या माणसाला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने.

"बाबा, ही माझ्यासारखी दिसते."